चेंडू हवेत असताना पंच कुठे पाहतो?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या शाळांचे बास्केटबॉलचे सामने होते. ठरलेले पंच आले नाहीत आणि संयोजकांनी शिट्टी माझ्या हातात दिली. मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. पण बी.एड.च्या वर्षी मुंबईत नागपाड्याजवळ मामूंच्या घरी राहायला होतो, आणि तिथं राहून बास्केटबॉल न कळणं अवघड. तेवढ्या भांडवलावर मी पंच झालो.

सामना संपायला दोन-तीन मिनिटं उरली होती. एका मुलाने लांबून चेंडू टाकला, तो रिंगला लागून वर उडाला. रिंगखाली दोन मुलं होती. पुढे नववीतला एक बुटका मुलगा, त्याच्या पाठीमागे त्याच्यापेक्षा हातभर उंच असा दुसरा. त्या क्षणी सगळे प्रेक्षक करत होते तेच मीही केलं. मान वर करून चेंडू पाहत राहिलो. नजर खाली आली तेव्हा दोघंही जमिनीवर पडले होते आणि उंच मुलाचा दंड बुटक्याच्या काखेत अडकला होता. मी शिट्टी वाजवली आणि फाउल बुटक्याच्या नावावर दिला. त्याचा तो पाचवा होता. पाच झाले की खेळाडू सामन्यातून बाद. त्याने वाद घातला नाही. जाताना माझ्यासमोर थांबून एवढंच म्हणाला, "सर, मी तिथंच उभा होतो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यानंतर मी या खेळाचे नियम आणि त्यांचा इतिहास वाचत गेलो. वाचताना लक्षात आलं की त्या मुलाने जो मुद्दा मांडला, त्याच्याभोवतीच या खेळाची सव्वाशेहून जास्त वर्षं फिरत आली आहेत. तिथं आधी कोण उभा होता, आणि ते पाहायला कोणाचे डोळे होते?

आधी शब्दांबद्दल थोडं, कारण माझा पेशाच तो. उर्दूत साक्षीदाराला गवाह म्हणतात आणि न्याय करणाऱ्याला मुन्सिफ. मुन्सिफ आणि इन्साफ या शब्दांच्या मुळाशी 'निस्फ' आहे, म्हणजे अर्धा. दोन्ही बाजूंना सारखं माप देतो तो मुन्सिफ. कोर्टकचेरीत गवाह वेगळा असतो, मुन्सिफ वेगळा. मराठीत मात्र निवाडा करणारा पंच आणि पंचनाम्यावर सही करणारा साक्षीदारही पंचच. खेळाच्या मैदानावर मराठी शब्द जास्त बरोबर बसतो, कारण तिथं एकाच माणसाला अर्ध्या सेकंदात साक्षही द्यावी लागते आणि निकालही. जो साक्षीत चुकला तो निकालात कसा बरोबर येणार? इंग्रजीतल्या 'अंपायर'चं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे. त्याचा अर्थ जोडीत नसलेला, म्हणजे दोघांच्या बाहेरचा तिसरा.

हा तिसरा माणूस बास्केटबॉलमध्ये पहिल्या दिवसापासून आहे. १८९१ चा डिसेंबर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएची शिक्षक-प्रशिक्षण शाळा होती. आमच्या बी.एड. कॉलेजासारखीच म्हणा ना. थंडीत बाहेर खेळता येत नव्हतं आणि आतल्या कवायतीला तरुण विद्यार्थी कंटाळले होते. विभागप्रमुख ल्यूथर ग्युलिक यांनी जेम्स नेस्मिथ या तीस वर्षांच्या कॅनेडियन शिक्षकाला सांगितलं, दोन आठवड्यांत आत खेळता येईल असा एखादा खेळ काढ.

नेस्मिथने विचार केला तो शिक्षकासारखा. मुलं एकमेकांना पाडतात का? चेंडू घेऊन पळणाऱ्याला थांबवायचं असतं म्हणून. मग चेंडू घेऊन पळायचंच नाही. गोलासमोर दांडगाई का होते? चेंडू जोराने मारला की गोल होतो म्हणून. मग गोल डोक्याच्या वर आणि आडवा ठेवायचा. तिथं जोर चालणार नाही, चेंडू अलगदच टाकावा लागेल. शाळेच्या शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या दिल्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या, तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. रिंगची उंची आजही तेवढीच आहे. अठरा विद्यार्थी, नऊ-नऊचे दोन संघ आणि सारा सामना मिळून एकच गोल.

नेस्मिथने तेरा नियम लिहिले होते. त्यातल्या पाचव्या नियमाने खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालून पाडणं, मारणं सगळं बंद केलं. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते दहावा आणि अकरावा. त्यांत त्याने दोन अधिकारी नेमले आणि त्यांची कामं वाटून दिली. अंपायर हा माणसांचा न्यायाधीश. रेफरी हा चेंडूचा न्यायाधीश. चेंडू आत की बाहेर, कोणाचा, गोल झाला की नाही, हे रेफरीने पाहायचं. माणसं एकमेकांशी कशी वागतात ते अंपायरने. एका माणसाला दोन्ही दिसणार नाही, हे त्या शिक्षकाने पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. ही वाटणी मला ठाऊक असती तर त्या दिवशी मी एकट्याने शिट्टी हातात घेतली नसती.

नियम लिहून मारामारी थांबली, असं मात्र नाही. १९३९ मध्ये रेडिओवरच्या एका मुलाखतीत नेस्मिथने स्वतःच सांगितलं की पहिल्या प्रयत्नात मुलांची झोंबाझोंबी झाली, काहींचे डोळे काळेनिळे पडले आणि एकाचा खांदा निखळला.

ज्या जागी माझी चूक झाली, ती रिबाउंडची जागा नेस्मिथच्या मनात नव्हती. रिबाउंड म्हणजे न झालेल्या गोलाचा परत आलेला चेंडू. त्याचं आजचं रूप घडलं ते प्रेक्षकांमुळे. टोपल्या गॅलरीला ठोकलेल्या आणि प्रेक्षक गॅलरीतच बसलेले. ते हात बाहेर काढून आपल्या संघाचा चेंडू टोपलीत ढकलत आणि दुसऱ्याचा उडवून लावत. म्हणून काही वर्षांतच टोपलीमागे फळी आली, आधी जाळीची, पुढे लाकडाची. प्रेक्षकांचा हात थांबला, पण चेंडू फळीवर आपटून आता पुन्हा पुन्हा खेळात येऊ लागला. तो कुठे पडेल याचा अंदाज बांधता येऊ लागला, आणि जिथं पडेल तिथं आधी जाऊन उभं राहणं हे एक कसब झालं. गोल डोक्याच्या वर ठेवला तर त्याच्याभोवती गर्दी होणार नाही, असा नेस्मिथचा हिशेब होता. फळीने नेमकी तिथंच गर्दी जमवली.

या गर्दीचं काय करायचं, याची उत्तरं निरनिराळ्या लोकांनी शोधली. स्प्रिंगफील्डजवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन नावाच्या शिक्षिकेने १८९२ मध्ये मुलींना हा खेळ शिकवायला घेतला. तिने मैदानाचे तीन भाग केले, प्रत्येक मुलीला आपल्याच भागात राहायला सांगितलं आणि दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावणं बंद केलं. जमिनीवर रेघ ओढून भांडण टाळायचा हा मार्ग होता. पुरुषांच्या खेळात रेघ आली नाही, तिथं शिक्षा आली. फाउल झाला की समोरच्याला मोकळा थ्रो. १८९७ च्या सुमारास पाच-पाचचे संघ पक्के झाले आणि थोडी जागा मोकळी झाली. तरीही रिंगखालची ती दोन-चार पावलं मोकळी झाली नाहीत.

पुढे खेळाडू उंच होत गेले आणि नियम त्यांच्या मागे धावत राहिले. १९३० च्या दशकात रिंगसमोरच्या पट्ट्यात हल्ला करणाऱ्या संघाच्या खेळाडूने तीन सेकंदांहून जास्त थांबू नये असा नियम झाला. रिंगवरून खाली येणारा चेंडू उडवून लावणं १९४४ मध्ये अमेरिकी कॉलेजांच्या खेळात बंद झालं. जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंचांचा खेळाडू रिंगखाली कोणाला उभं राहू देत नव्हता, म्हणून १९५१ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक लीगने, म्हणजे एनबीएने, हा पट्टा सहा फुटांचा बारा फूट केला. विल्ट चेंबरलेन आल्यावर १९६४ मध्ये तो सोळा फूट झाला. याच चेंबरलेनने नोव्हेंबर १९६० मध्ये एका सामन्यात ५५ रिबाउंड घेतले. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

पट्टा रुंद केल्याने गर्दी पांगते, पण दोघं भिडले तर चूक कोणाची, हा प्रश्न तसाच उरतो. त्याचं उत्तर नियमपुस्तकात हळूहळू घडत गेलं. आज ते आंतरराष्ट्रीय नियमांत अगदी स्पष्ट आहे, आणि शिक्षक म्हणून मला ते फार आवडतं. कोर्टावर जी जागा दुसऱ्याने घेतलेली नाही ती कोणीही घेऊ शकतो, फक्त तिथं जाताना कोणाला धक्का लागता कामा नये. एकदा जागा घेतली की तुमच्याभोवती एक अदृश्य नळकांडं उभं राहतं. समोर तळहातापर्यंत, मागे कमरेपर्यंत, बाजूंना हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. ते वरही जातं. तुम्ही जागच्या जागी सरळ वर उडी मारली तर वरची हवाही तुमचीच. स्वतःचं नळकांडं सोडून जो दुसऱ्याच्या नळकांड्यात शिरतो आणि त्याला लागतो, जबाबदारी त्याची.

या नियमात उंचीचा, वजनाचा किंवा नावाचा उल्लेख नाही. पाच फुटांच्या मुलाचं नळकांडं आणि सात फुटांच्या माणसाचं नळकांडं, दोन्हींचा हक्क सारखाच.

मात्र हा नियम फक्त बुटक्यांच्या बाजूचा आहे असं समजू नका. प्रेक्षक नेहमी ओरडतात, "पाठीवरून घेतला, फाउल!" पण पाठीवरून चेंडू घेणं हा फाउल नाही. उंच खेळाडूचे हात पुढच्याच्या डोक्यावरून गेले आणि त्याने स्पर्श न करता चेंडू काढला, तर तो त्याच्या उंचीचा फायदा आहे, गुन्हा नव्हे. तसंच पुढे उभा असलेला खेळाडू पाठ लावून मागच्याला अडवतो, ज्याला बॉक्स आउट म्हणतात, तेही चालतं. पण अडवता अडवता कंबर मागे रेटत त्याने मागच्याला दोन पावलं हटवलं, किंवा कोपर बाहेर काढलं, किंवा मागच्याचा हात काखेत दाबून ठेवला, तर चूक पुढच्याची. म्हणजे आधी उभं राहिल्याने जागा मिळते, दुसऱ्याला हटवण्याचा परवाना मिळत नाही.

आता हे सगळं पाहायचं कसं? दोन पंच असतील तर एक मागून येतो आणि एक रिंगजवळच्या अंतिम रेषेवर उभा राहतो. चेंडू सुटला की मागचा पंच चेंडू टाकणाऱ्याला पाहतो, तो नीट जमिनीवर येईपर्यंत, आणि चेंडूची वाटही त्याच्याकडेच असते. रेषेवरच्या पंचाने चेंडूकडे पाहायचंच नाही. सगळं मैदान मान वर करून बघत असताना त्याने रिंगखालच्या कमरा, गुडघे आणि हात बघायचे. म्हणजे १८९१ चीच वाटणी. एक चेंडूचा, एक माणसांचा.

तरीही एक बाजू अंधारात राहते. चेंडू उजवीकडून टाकला तर तो बहुधा डावीकडे उडतो, आणि तिथं दोघांचीही नजर पोहोचत नाही. म्हणून एनबीएने १९७८-७९ च्या हंगामात तिसरा पंच आणून पाहिला. पुढच्याच हंगामात तो काढून टाकला. १९८८ मध्ये मात्र तिसरा पंच कायमचा आला. आता तीन पंच असले की एक जण त्या रिकाम्या बाजूला उभा असतो.

उभं कुठे राहायचं, हेही शिकावं लागतं. दोन खेळाडू एकामागे एक असतील आणि पंच त्यांच्या सरळ रेषेत असेल, तर त्याला एकच पाठ दिसते. दोघांमधली फट दिसेल असं एक-दोन पावलं बाजूला सरकावं लागतं. फट दिसली तरच कळतं की ती बुजवली कोणी.

हे सारं मी पुस्तकात वाचलं, पण ऐकलं होतं त्याच्या कितीतरी आधी. स्प्रिंगफील्डची शाळा वायएमसीएची होती, त्यामुळे हा खेळ वायएमसीएबरोबर जगभर गेला आणि भारतातही आला. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासमध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं आणि तिथून खेळाचे शिक्षक तयार होऊन बाहेर पडले. मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनने १९२७ मध्ये नेबरहुड हाउस उघडलं. ते चालवणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट पुढे टाटांच्या समाजकार्य विद्यालयाचे पहिले संचालक झाले, आणि १९३६ मध्ये ते विद्यालय सुरू झालं तेही याच वास्तूत. नागपाड्याच्या गल्ल्यांत बास्केटबॉल रुजला. पुढे मस्तान तलावाजवळच्या वायएमसीएच्या कोर्टाने तर किती पिढ्या घडवल्या. भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर याच मोहल्ल्यातले. दाट वस्ती, लहान घरं, मोठी कुटुंबं. जागेसाठी लढावं कसं आणि लढताना मर्यादा कुठे, हे तिथल्या पोरांना कोणी वेगळं शिकवावं लागत नसे.

बी.एड.च्या त्या वर्षी मगरिबनंतर मी मामूंबरोबर कोर्टाच्या कठड्यावर जाऊन बसायचो. तिथं एक म्हातारे चाचा होते. खेळणं कधीच सुटलं होतं, पण पोरांच्या सामन्यांना शिट्टी त्यांचीच. मी एकदा विचारलं, एवढ्या गर्दीत तुम्हाला कळतं कसं? ते हसले आणि म्हणाले, "मास्टर, गेंद नहीं देखने का. गेंद तो नीचे आएगीच. कमर देखने का."

आणखी एक गोष्ट मी त्यांच्यात पाहिली होती, तिचा अर्थ नंतर कळला. ते शिट्टी उशिरा वाजवायचे. धक्का लागला की लगेच नाही. एक श्वास थांबायचे. पंचांच्या प्रशिक्षणात आज हेच शिकवतात. रिबाउंडमध्ये अंगाला अंग लागणारच. दहा खेळाडू आणि एक चेंडू, दुसरं काय होणार? म्हणून प्रत्येक स्पर्श हा फाउल नसतो. पंचाने झटापटीची सुरुवात पाहायची, ती कशी वाढते ते पाहायचं आणि शेवटही पाहायचा. कोणी जागेवरून हटला का? कोणाची उडी तुटली का? चेंडू त्यामुळे हातचा गेला का? थोडा स्पर्श झाला आणि पुढच्याने चेंडू सुखरूप पकडला, तर शिट्टी ओठातच राहू द्यायची. पण धोक्याचा धक्का असेल तर चेंडू कोणालाही मिळो, शिट्टी वाजलीच पाहिजे.

इतकं करूनही चुका होतातच. मार्च २०१५ पासून एनबीए चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा लेखाजोखा दुसऱ्या दिवशी जाहीर करते. त्यात पंचांच्या निर्णयांचे चार प्रकार असतात. बरोबर वाजवलेली शिट्टी, चुकीची वाजवलेली शिट्टी, बरोबर न वाजवलेली आणि चुकीने न वाजवलेली. सामन्याचा निकाल त्याने बदलत नाही. पण जे झालं ते लिहून ठेवलं जातं. गप्प राहणंही चुकीचं असू शकतं आणि त्याचीही नोंद होते, हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

आता त्या सामन्याकडे परत येतो. एका पालकाने तो मोबाइलवर टिपला होता. संध्याकाळी त्यांनी मला दाखवला. बुटका मुलगा खरोखरच तिथंच उभा होता. चेंडू सुटायच्या आधीपासून, पाय रोवून, गुडघे थोडे वाकवून, जसं शिकवतात तसं. मागच्याने त्याच्या कमरेत गुडघा दिला आणि पाठीवर चढून हात वर टाकले. दोघं तोल जाऊन पडले तेव्हा आधारासाठी बुटक्याचा हात मागे गेला आणि तो दंड काखेत अडकला. मी पाहिलं ते फक्त शेवटचं चित्र, आणि त्या चित्रात तोच दोषी दिसत होता.

वर्गातही हे मी किती वेळा केलं असेल? फळ्यावर लिहीत असताना मागे गडबड होते. वळून पाहावं तर एकाचा हात उठलेला असतो, आणि शिक्षा त्यालाच होते. त्याआधी काय झालं हे फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्याला कुठून दिसणार? इतिहासाची पुस्तकं वाचतानाही आता मी हे तपासतो. लिहिणारा लढाईच्या निकालाकडेच बघत होता, की निकालाआधी कोण कुठे उभा होता हेही त्याने पाहिलं?

दुसऱ्या सोमवारी मी त्या मुलाच्या शाळेत गेलो. ती आमची शाळा नव्हती. त्यांच्या शिक्षकांची परवानगी घेतली आणि त्याच्या वर्गासमोर सांगितलं की तो फाउल याचा नव्हता. मी चेंडूकडे बघत होतो, चूक माझी. मुलगा लाजला, खाली बघत राहिला. सामना तर गेलाच होता, तो परत येणार नव्हता. वर्गाबाहेर पडताना तो माझ्यामागे आला आणि त्याने विचारलं, "सर, मग तेव्हा मी हात मागे न्यायला नको होता का?"

मी म्हटलं, "नाही बेटा. तू पडत होतास. तेव्हा मी तुझ्याकडे बघायला हवं होतं."